ऑनलाइन कॉलवर आवाज स्वच्छ पोहोचावा म्हणून: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. पूर्वी बोलावणं यायचं ते कार्यक्रमांसाठी. हल्ली घरातल्या ऑनलाइन मीटिंगसाठीही फोन येतात: कोणाची मुलाखत असते, कोणी शिकवण्या घेतं, कोणाची नातवंडं परदेशात असतात. प्रश्न बहुतेक तेच असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. खरेदीच्या आधी, पैसे न घालता करता येण्यासारखं बरंच आहे, तेही त्यात आहे.

लॅपटॉपला माइक आहेच. तरी समोरचे म्हणतात, "आवाज लांबून येतोय." असं का?

कारण तो खरोखरच लांबून येतोय. लॅपटॉप समोर घेऊन बसलात की त्याचा माइक तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणजे माइक ६० वरून ३० आणि ३० वरून १५ सेंटिमीटरवर आणला, तर तुमचा आवाज १२ डेसिबलने चढतो. पंख्याची घरघर, खालचे हॉर्न, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग मात्र होतं तेवढंच राहतं, कारण त्यांच्या अंतरात काही फरक पडलेला नसतो. सेटिंगमध्ये जाऊन माइकचा आवाज वाढवलात तर दोन्ही सारखेच वाढतात आणि हाती काही लागत नाही.

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा: माइक तोंडाजवळ आणा. बाकी सगळं त्यानंतर.

घ्यायचंच तर आधी काय घ्यावं?

तोंडापर्यंत येणारी छोटी दांडी असलेला, वायरचा, शक्यतो यूएसबी पिनचा हेडसेट. हजार-दीड हजारात साधा पण कामाचा मिळतो. मान वळवली, वहीत बघितलं, खुर्ची मागे सरकवली, तरी माइक तोंडापासून तेवढ्याच अंतरावर राहतो, आणि समोरच्याचा आवाज स्पीकरवर न येता कानातच येतो. दांडी मात्र ओठांच्या अगदी समोर आणू नका. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतर सोडून ठेवा. नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना सुटणारी हवा थेट माइकवर आदळते आणि पलीकडे प्रत्येक वेळी धप्प ऐकू येतं.

रोज दोन-तीन तास शिकवत असाल आणि डोक्यावर हेडसेट सहन होत नसेल, तर टेबलावरचा यूएसबी माइक बघा. खोक्यावर 'कार्डिऑइड' लिहिलेलं असावं. असा माइक समोरचं सगळ्यात जास्त आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. त्याची पाठ खिडकीकडे करा, तोंड तुमच्याकडे, आणि मध्ये एक वीत अंतर. यात एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. टेबलावरचे बरेच कंडेन्सर (आत पातळ पडदा असलेले, नाजूक) माइक पोटाशी बोलायचे असतात, शेंड्याशी नव्हे. कंपनीचं नाव ज्या बाजूला छापलंय ती बहुधा पुढची बाजू असते. माइक आडवा करून त्याचा शेंडा तोंडाकडे धरलेला मी अनेक घरांत पाहतो. तसं केलं की चांगला माइकही पोकळ वाजतो.

मोठा एक्सएलआर (तीन पिनांच्या स्टुडिओ केबलचा) माइक, तो लॅपटॉपला जोडणारी ऑडिओ इंटरफेसची डबी, माइकला केबलमधूनच वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा हे सगळं नुसत्या मीटिंगसाठी घेऊ नका. पॉडकास्ट किंवा गाणं रेकॉर्ड करायचं असेल तेव्हा त्याचा विचार करा.

आणि दुकानात जाताना आपला लॅपटॉप सोबत न्या. माइक तिथेच जोडायचा, अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. भला दुकानदार नाही म्हणत नाही.

ब्लूटूथ इअरबड्सवर गाणी झकास वाजतात, पण कॉल सुरू झाला की सगळं डब्यात बोलल्यासारखं येतं. बिघडलेत का?

नाही. गाणी ऐकताना ब्लूटूथची सगळी क्षमता एका दिशेला, तुमच्या कानाकडे असते. माइक चालू झाला की आवाज दोन्हीकडे न्यावा लागतो, म्हणून हेडसेट 'हँड्स फ्री' नावाच्या वेगळ्या पद्धतीवर जातो. त्यातल्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुनेच घेतले जातात. म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, ४ किलोहर्ट्झच्या, वरचं (बारीक, तीव्र) काही पुढे जातच नाही, आणि 'स', 'श' या अक्षरांचा बराचसा जोर त्याच्याच वर असतो. पगाराची बोलणी चाललेली असताना 'साठ हजार' पलीकडे 'आठ हजार' ऐकू जाणं यामुळेच घडतं. नंतरच्या प्रकारात १६,००० नमुने असतात, त्यात बरंच सुधारतं. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत याहून चांगली आहे, पण ती फोन किंवा लॅपटॉप आणि इअरबड्स दोन्हींत असावी लागते.

तोवर एक सोपी वाट आहे. ऐकायला इअरबड्स ठेवा, पण कॉलच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा यूएसबीचा माइक निवडा. बहुतेक लॅपटॉपवर कानातला आवाजही लगेच सुधारतो.

घरी आवाज फार घुमतो. नवीन फ्लॅट आहे, सामान अजून कमी आहे.

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये हे हमखास होतं. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, चारी बाजूंना सपाट भिंती, एका बाजूला मोठी काच. आवाज शोषणारं काहीच नसतं. खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे झणझणीत शेपूट ऐकू आलं तर ती खोली मीटिंगसाठी नको.

हॉल सोडून बेडरूममध्ये जा. कापूस भरलेली गादी, कपड्यांचं कपाट, जाड पडदे, भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ, हे सगळं घुमणं कमी करतं. कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बसलात तर आणखी फरक पडतो. टेबल उघडं असेल तर लॅपटॉपखाली दुमडलेली चादर अंथरा. पाठीमागे दांडीवर जाड गोधडी टाकली तरी चालते. कॅमेऱ्यात दिसू नये असं वाटत असेल तर ती कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, तुमच्यासमोर टांगा. जुन्या सिडकोच्या घरांत खोल्या लहान आणि सामान भरपूर, त्यामुळे हा त्रास तिथे मुळातच कमी असतो.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. त्यांनी फारसं काही शोषलं जात नाही आणि कागदी पुठ्ठा पेट घेतो.

फोम लावला तर बाहेरच्या रस्त्याचा आवाज थांबेल का?

नाही. फोम खोलीतलं घुमणं कमी करतो. बाहेरचा आवाज अडवायला लागतं वजन आणि फटी बुजवणं. आपल्याकडच्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना कडेने फटी असतात, हवा येते तिथून आवाजही येतो. घासून गेलेली ब्रशची पट्टी बदलून घ्या आणि दाराखालच्या फटीला पट्टी लावा. त्याहून जास्त हवं असेल तर दुहेरी काच. घर मुख्य रस्त्यावर किंवा मेट्रोच्या कामाशेजारी असेल तर मागच्या बाजूची खोली निवडणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

मे महिन्यात पंखा बंद करून कसं बसायचं?

बंद करू नका. माइक पंख्याच्या थेट झोताखाली येणार नाही असं टेबल सरकवा, वेग एक-दोनने कमी करा आणि माइकला फोमची टोपी घाला. टेबल फॅन असेल तर तो माइकच्या पाठीकडून, थोडा लांब ठेवा. माइक तोंडाजवळ असेल तर मध्यम वेगाचा पंखा झूम, मीट किंवा टीम्समधली आवाज गाळण्याची सोय सहज काढून टाकते, कारण तो एकसारखा आवाज असतो.

पावसात खिडकीवरच्या पत्र्यावर जो ताशा वाजतो, तो मात्र एकसारखा नसतो आणि सॉफ्टवेअरला तो नीट ओळखता येत नाही. घरात पत्रा नसलेली एखादी खोली असेल तर पावसाळ्यापुरती तिथे बसा. पत्र्यावर आतून-बाहेरून चिकटवायची डांबरी किंवा रबरी चादर मिळते. तिने पत्र्याचं थरथरणं दबतं आणि आवाज बराच खाली येतो.

समोरच्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं. कोणाकडे घोळ आहे?

ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो त्याच्याकडे नाही. दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. त्याचा आवाज कोणाच्या तरी स्पीकरमधून बाहेर पडतो आणि त्याच घरातल्या माइकमधून परत येतो. सगळ्यांनी एकेक करून म्यूट व्हा. ज्याने म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबतो, त्याने स्पीकरचा आवाज कमी करावा किंवा कानात इअरफोन घालावेत. एवढंच.

सोसायटीची मीटिंग अर्धी हॉलमध्ये, अर्धी ऑनलाइन असते. दरवेळी शिट्टी वाजते आणि लोक चिडतात. काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण आवाज नीट नसला की बाहेरगावी असलेल्या किंवा आजारपणामुळे घरीच बसलेल्या सभासदाचं म्हणणं ऐकलंच जात नाही आणि ठराव त्याच्याशिवाय होऊन जातात.

पहिला नियम: हॉलमध्ये एकच माइक आणि एकच स्पीकर चालू. सेक्रेटरींचा लॅपटॉप, शेजारी बसलेल्या खजिनदारांचा फोन आणि मागच्या रांगेतले दोन टॅब एकाच मीटिंगला आवाजासकट जोडले की एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकला ऐकू जातो आणि शिट्टी सुरू होते. प्रत्येक उपकरण फक्त आपल्या स्वतःच्या स्पीकरचा आवाज वजा करू शकतं, शेजाऱ्याच्या नाही. हॉलमधल्या बाकीच्यांना जोडायचंच असेल तर ऑडिओ न घेता जोडा. नुसतं म्यूट करून भागत नाही, त्यांचा स्पीकरही बंद हवा.

आठ-दहा जण एका टेबलाभोवती बसत असतील तर टेबलाच्या मध्ये ठेवायचा कॉन्फरन्स स्पीकरफोन घ्या. माइक आणि स्पीकर एकाच डबीत असतात आणि प्रतिध्वनी कापण्याचं काम ती डबीच करते. ती भिंतीला टेकवून किंवा कागदांच्या ढिगाखाली ठेवू नका.

पन्नास-साठ जणांची वार्षिक सभा असेल तर स्पीकरफोन पुरत नाही. तिथे एक हातातला माइक फिरवा आणि ज्याच्या हाती माइक तोच बोलेल हे अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावं. मिक्सर (सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र) भाड्याने आणलाच असेल तर त्याच्या ऑक्स आउटमधून, म्हणजे हॉलच्या स्पीकरपेक्षा वेगळा आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून, आवाज लॅपटॉपला द्या. लॅपटॉपचा, म्हणजे ऑनलाइन सभासदांचा, आवाज मिक्सरच्या एका चॅनेलवर घेऊन हॉलच्या स्पीकरवर सोडा, पण त्या चॅनेलची ऑक्सची खुंटी शून्यावर ठेवा. ती खुंटी थोडी जरी उघडी राहिली तरी ऑनलाइन सभासदाला त्याचंच बोलणं परत जातं. मंडप-स्पीकरवाल्याला हे आदल्या दिवशी सांगा. सभा सुरू झाल्यावर वायरी उचकटत बसणं कोणाच्याच सोयीचं नसतं.

ऑनलाइन गाण्याचा क्लास घेते. तानपुरा समोर पोहोचतच नाही, लांब स्वर मध्येच गायब होतो.

ताई, तुमच्या गळ्यात किंवा माइकमध्ये खोट नाही. या ॲप्सची घडण बोलण्यासाठी आहे. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंखा किंवा एसी समजून ती काढून टाकतात. तानपुऱ्याची आस, हार्मोनियमचा धरलेला सूर, लांबवलेला षड्ज, सगळं त्या तावडीत सापडतं.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे, तो चालू करा. त्यातच 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' आहे, नेट चांगलं असेल तर तोही. क्लास सुरू झाल्यावर पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ओरिजिनल साउंड चालू असल्याचं दिसतं ना, हे बघून घ्या. माइकची पातळी आपोआप बदलण्याची खूण काढून टाका, नाहीतर आलापात आवाज वर आणि तानेत खाली होत राहतो. टीम्समध्येही हाय फिडेलिटी म्युझिक मोड आहे. प्रतिध्वनी कापणंही बंद केलंत तर दोन्हीकडे हेडफोन लागतीलच.

माइक थोडा लांब ठेवा. गाताना एक-दीड फूट, तबल्याला दोन फूट आणि दोन्ही पुड्यांच्या मध्ये रोखलेला. तबल्याची थाप अचानक उसळते, म्हणून सगळ्यात जोराचा तुकडा वाजवून बघा आणि रेकॉर्डिंगच्या ॲपमधल्या मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या (शून्य ही वरची हद्द) आसपास टेकेल एवढीच पातळी ठेवा. त्याच्या वर गेलं की आवाज फाटायची भीती.

राहिला एकत्र गाण्याचा प्रश्न. ते नेहमीच्या कॉलवर जमत नाही आणि कितीही महागडं सामान आणलं तरी जमणार नाही. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीत संभाषणासाठी एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्याजोगा मानलाय. बोलताना तो जाणवत नाही. पण तुमचा ठेका शिष्याकडे जायला १५० आणि त्याचं गाणं तुमच्याकडे यायला आणखी १५०, असे ३०० मिलिसेकंद झाले. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्राच मुळी ५०० मिलिसेकंदांची असते. म्हणून तानपुरा आणि ठेका शिष्याच्या घरी, त्याच्या दुसऱ्या फोनवर वाजू द्या. तुम्ही म्यूट होऊन ऐका, मग तुम्ही गा आणि त्याने ऐकावं. समेवर यायचा आनंद त्याला तिकडे पूर्ण मिळतो आणि तुम्हालाही तो जसाच्या तसा ऐकू येतो.

आवाज तुटक येतो, शब्द गाळले जातात. माइक बदलू का?

माइक नको, नेट बघा. खरखर, घुमणं, धप्प हे उपकरणांचे आजार. शब्द गाळले जाणं, आवाज अडकून मग भराभर येणं हा नेटचा. बोलण्याला नेट फार लागत नाही. ब्राउझरमधल्या कॉलमध्ये २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस हा कोडेक (आवाज आटोपशीर करून नेटवरून पाठवण्याची पद्धत) असतो आणि १०० केबीपीएसच्या (सेकंदाला १०० किलोबिट) आत तो स्वच्छ आवाज नेतो. वेग भरपूर असूनही तुटत असेल तर वायफाय संशयित धरा.

उंच इमारतीत शेजारपाजारचे सगळे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करतात, ब्लूटूथही तिथेच. राउटरच्या खोलीत बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. काँक्रीटच्या दोन भिंती आडव्या आल्या की ते दमतं. महत्त्वाच्या मीटिंगला सरळ लॅन केबल जोडा. तेही जमलं नाही तर व्हिडिओ बंद करून बोलणं सुरू ठेवा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बंद पडतो, म्हणून राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेऊन ठेवा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवा.

चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाज येतो.

चार्जर काढा. घूं थांबली तर अर्थिंगचा प्रश्न आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती गुणगुण माइकमध्ये शिरते. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर लावलेला असतो, तो आधी काढा. नौपाड्यातल्या किंवा चरईतल्या जुन्या इमारतींमध्ये बोर्डाला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. हे वायरमनकडून तपासून घ्या. आवाजापेक्षा जिवाच्या दृष्टीने ते जास्त गरजेचं आहे. तोवर मीटिंग बॅटरीवर करा.

फोनचे इअरफोन डेस्कटॉपला लावले. ऐकू येतं, पण माइक चालत नाही.

पिनवरच्या काळ्या रेषा मोजा. तीन असतील तर त्या एकाच पिनमध्ये ऐकणं आणि बोलणं दोन्ही आहे. डेस्कटॉपला मात्र ऐकायला हिरवं भोक आणि माइकला गुलाबी भोक वेगळं असतं. दोन्हींत जाणारा वाय आकाराचा कन्व्हर्टर घ्या, किंवा छोटं यूएसबी साउंड कार्ड.

आई-बाबांना नातवाचं बोलणं नीट ऐकू येत नाही. लांबून काय मदत करू?

फोन हातात धरला की बोटं स्पीकरवर किंवा माइकवर येतात. आधी एक स्टँड पाठवा. टीव्ही बंद करायला सांगा आणि फोनच्या जागी टॅब द्या. वायरचा हेडफोन बहुतेक आज्या पटकन स्वीकारतात, इअरबड्स मात्र कानातून पडतात आणि हरवतात. श्रवणयंत्र असेल तर ते ब्लूटूथवर फोनला जोडता येतं का, हे ते जिथून घेतलं तिथे विचारा. जोडता येत असेल तर आवाज थेट कानात जातो आणि तुम्हाला ओरडावं लागत नाही. आणि कॉलवर एका वेळी एकानेच बोला. दोन नातवंडं एकदम बोलली की कोणाचंच नीट कळत नाही.

पाच मिनिटांत मुलाखत आहे आणि माइकच लागत नाहीये!

लॅपटॉपवर माइक बंद करायचं बटण दाबलं गेलंय का बघा. मग कॉलमध्ये योग्य माइक निवडलाय का ते. कपाटात ठेवलेले इअरबड्स परस्पर जोडले गेलेले असू शकतात, म्हणून ब्लूटूथ बंद करा. ब्राउझरला माइकची परवानगी द्या. तरी नाही लागला तर फोनवरून, वायरच्या इअरफोनने जोडा. इअरफोनचा माइक कॉलरवर किंवा दुपट्ट्यावर घासू देऊ नका. दोन बोटांत हनुवटीखाली धरा.

मीटिंगआधी चाचणी कशी घ्यावी?

"ऐकू येतंय का?" असं विचारून कळत नाही, कारण लोक भिडेखातर हो म्हणतात. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या रेकॉर्डरवर, ज्या जागी बसणार तिथूनच, अर्धा मिनिट बोला आणि हेडफोन लावून ऐका. मी हे शब्द बोलायला लावतो: घोडबंदर, भिवंडी, शीळफाटा, कासारवडवली, ठाणे ४००६०१, वाशी ४००७०३. 'भ' आणि 'फ' ला धप्प झालं तर माइक बाजूला सरकवा. 'श', 'स' बोथट आले तर ब्लूटूथचा माइक निवडलेला आहे का ते तपासा. आकडे एकमेकांत मिसळले तर खोली घुमतेय. झूम आणि टीम्समध्ये चाचणीची सोय आतच आहे, ती शेवटी करा, कारण ॲपने काय कापलं ते तिथेच कळतं.

पावसाळ्यात माइक कसा ठेवावा?

कंडेन्सर माइकच्या आतला पडदा फार पातळ असतो आणि इथल्या दमटपणाने त्यात चरचर, फटफट सुरू होते. काम झालं की माइक पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलंत तर ते कधी ओलं झालं ते दिसतं. त्याच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ते तापवून पुन्हा वापरता येतं. फोमची टोपी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच माइकवर चढवा.